साडेतेरावा दिवस

उंदराच्या मादीचं गर्भारपण अर्ध्या दिवसापासून मोजतात. संध्याकाळी नर आणि मादी एका पिंजऱ्यात सोडायचे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर जाऊन मादी तपासायची. मीलन झालं असेल तर योनिमुखाशी मेणासारखा पांढरट, घट्ट गोळा दिसतो. त्याला प्लग म्हणतात. उंदीर रात्रीचे जागे. म्हणून मीलन मध्यरात्रीच्या सुमाराला झालं असं धरतात आणि प्लग दिसलेल्या दिवसाची दुपार म्हणजे ०.५. तिथून पुढे १.५, २.५ असं मोजत जायचं. एकोणीस-वीस दिवसांनी पिल्लं होतात. मी ज्या माद्यांचे दिवस मोजायचे, त्या मात्र तिथवर पोचायच्या नाहीत. त्यांचा हिशोब १३.५ वर थांबायचा.

पुण्यात पीएच.डी. करताना हा हिशोब माझ्यासाठी ठेवला तो ॲनिमल हाऊसमधल्या काकांनी. सकाळी साडेसातला फोन यायचा, "ताई, चार नंबरला प्लग हाय." त्यांच्याकडे लाल कापडी पाठीचं रजिस्टर होतं. पिंजऱ्याचा क्रमांक, तारीख, आणि शेवटच्या रकान्यात किती भ्रूण निघाले तो आकडा. तो आकडा त्यांना मी सांगायचा असे. काम उरकलं की खाली जाऊन म्हणायचे, "काका, नऊ." ते चष्मा लावून लिहायचे. मादी माझ्या हाती देताना तिच्या पाठीवरून ते एक बोट फिरवायचे. त्याबद्दल ते कधी बोलले नाहीत, मीही विचारलं नाही.

शोधनिबंधात हे सगळं एका ओळीत येतं. साडेतेरा दिवसांच्या भ्रूणांपासून फायब्रोब्लास्ट वेगळे केले, बस. ती ओळ साहित्य आणि पद्धतींच्या बारीक टाइपातल्या विभागात असते आणि वाचणारा तिच्यावरून पुढे जातो. मीही कित्येक वर्षं तशीच पुढे गेले. आज त्या ओळीवर थांबून लिहायचं आहे.

मादीला आधी मारावं लागतं, तिला कमीत कमी वेदना होतील अशा रीतीने. हे वाक्य मी मुद्दाम सरळ लिहिते आहे. प्रयोगशाळेत त्याला 'सॅक्रिफाइस करणं' म्हणतात, आणि पहिल्या वर्षी तो शब्द माझ्या तोंडी येताना अडायचा. किती माद्या लागणार, कशासाठी, दुसरा मार्ग का नाही, हे सगळं आधी संस्थेच्या प्राणी-नीतीसमितीपुढे लिहून द्यावं लागतं. ते योग्यच आहे. पण परवानगीचा कागद हाताशी असला तरी तो क्षण हलका होत नाही, आणि होऊ नये असंच मला वाटतं.

मग गर्भाशय बर्फावरच्या थंड सलाइनमध्ये ठेवायचं. उंदराच्या गर्भाशयाला दोन फाटे असतात, आणि त्यांत भ्रूण माळेत ओवलेल्या मण्यांसारखे ओळीने असतात. एकेक मणी उघडून पडदा सोडवायचा. साडेतेराव्या दिवशी भ्रूण सेंटिमीटरभर भरतो. पंजे अजून वल्ह्यासारखे असतात, पण त्यांवर बोटांच्या रेषा उमटलेल्या असतात. काळ्या जातीच्या उंदरांमध्ये डोळ्याचा गडद ठिपका दिसतो. अंग इतकं पारदर्शक की यकृताचा लाल डाग बाहेरूनच कळतो. डोकं, यकृत आणि हृदय काढून टाकायचं. जनुकतपासणीसाठी एक लहानसा तुकडा वेगळ्या नळीत जपायचा. उरलेलं धड निर्जंतुक पात्याने अगदी बारीक करायचं आणि त्यावर ट्रिप्सिन घालून ३७ अंशांवर ठेवायचं. ट्रिप्सिन पेशींना एकमेकींपासून सोडवतं. मग रक्तापासून काढलेलं सीरम घातलेल्या पोषक माध्यमात त्या डिशमध्ये पसरायच्या आणि इन्क्युबेटरचं दार लावायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सूक्ष्मदर्शकाखाली जे दिसतं ते पाहण्यासाठी मी अजूनही लवकर उठेन. आदल्या दिवशी नुसते गोल थेंब तरंगत होते. रात्रीतून ते तळाला चिकटलेले असतात, दोन्ही बाजूंनी हात लांबवून पसरलेले, लांबट, टोकदार. आणखी दोन दिवसांत डिश भरते. मग सगळ्या पेशी एका दिशेने कललेल्या दिसतात, संथ वाहणाऱ्या पाण्यावर रेषा उमटाव्यात तशा.

याच त्या मेफ. माऊस एम्ब्रियॉनिक फायब्रोब्लास्ट या लांबलचक नावाच्या आद्याक्षरांवरून आम्ही त्यांना मेफ म्हणतो. फायब्रोब्लास्ट म्हणजे शरीरातल्या अवयवांमधली जागा भरणारी, त्यांना बांधून ठेवणारे कोलॅजनचे तंतू विणणारी पेशी. जखम भरते तीही हिच्याच कामातून. पहिल्या डिशमध्ये सगळ्या फायब्रोब्लास्ट नसतात. धडातल्या इतर जातींच्या पेशीही असतात. पण प्लास्टिकच्या तळावर, सीरमवर तग धरून वाढणं सगळ्यात चांगलं जमतं ते हिला, म्हणून दोन-तीन पिढ्यांत हीच उरते.

या पहिल्या डिशला पी-झिरो म्हणतात. पी म्हणजे पॅसेज, पेशी नव्या डिशमध्ये हलवण्याची खेप. भरली की त्यातल्या थोड्या पेशी नव्या डिशमध्ये घ्यायच्या, ती पी-१. मग पी-२. काम विरजणासारखं दिसतं, कालच्यातलं चमचाभर आजच्यात. पण घरचं विरजण वर्षानुवर्षं चालतं, मेफचं चालत नाही. पी-५, पी-६ च्या आसपास वेग मंदावतो. लांबट, चपळ पेशी तव्यावर ओतलेल्या घावनासारख्या पसरट होतात आणि विभागायच्या थांबतात. मरत नाहीत, नुसत्या थांबतात.

न्यूयॉर्क विद्यापीठाच्या वैद्यकीय विद्यालयात जॉर्ज टोडारो आणि हॉवर्ड ग्रीन यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला हेच थांबणं चिकाटीने पाहिलं. स्विस जातीच्या उंदरांच्या भ्रूणांपासून त्यांनी पेशी काढल्या आणि एक नियम ठरवला. दर ३ दिवसांनी हलवायच्या आणि प्रत्येक डिशमध्ये ३ लाख पेशी मोजून घालायच्या. पेशी मंदावल्या, जवळजवळ थांबल्या, तरी त्यांनी नियम मोडला नाही. काही आठवड्यांनी त्या थकलेल्या डिशमधून एक नवी वाढ वर आली आणि ती थांबेना. १९६३ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केलं. तीन दिवस आणि तीन लाख, मधला टी ट्रान्सफरचा, म्हणजे हलवण्याचा, म्हणून त्या पेशींचं नाव थ्री-टी-थ्री. याच दोघांनी शेजारी आणखी एक ओळ वाढवली होती. तिच्यात तीनऐवजी बारा लाख पेशी, म्हणजे सुरुवातीपासून दाटी. ती ओळही अमर झाली, पण तिच्या पेशी एकमेकींवर चढत राहिल्या. विरळ वाढवलेल्या थ्री-टी-थ्रीच्या पेशी मात्र शेजारणीला स्पर्श झाला की थांबतात. हा त्यांचा गुण पुढे मोलाचा ठरला. त्यांच्यात कर्करोगाचं जनुक घातलं की त्या थांबायचं विसरतात आणि ढीग रचतात. सपाट थरावर ढीग दिसला की जनुक सापडलं! १९८० च्या आसपास माणसाच्या गाठींमधली कितीतरी कर्करोग-जनुकं याच जातीच्या पेशींवर ओळखली गेली, रास जनुकाचं बदललेलं रूपसुद्धा.

पण मेफ मुळात थांबतातच का? माणसाच्या फायब्रोब्लास्ट साधारण पन्नास वेळा दुपटून थांबतात, हे लिओनार्ड हेफ्लिक आणि पॉल मूरहेड यांनी १९६१ मध्ये दाखवलं होतं. त्याचं कारण पुढे कळलं. गुणसूत्रांची टोकं दर विभाजनागणिक झिजतात. उंदराच्या गुणसूत्रांची टोकं माणसापेक्षा बरीच लांब असतात, तरी त्याच्या पेशी कितीतरी आधी थांबतात. उत्तर २००३ मध्ये बर्कलीच्या प्रयोगशाळेतून आलं, ज्युडिथ कॅम्पिसी यांच्या गटाकडून. इन्क्युबेटरमध्ये आपण बाहेरची हवा सोडतो आणि तिच्यात सुमारे २० टक्के ऑक्सिजन असतो. शरीराच्या आतल्या पेशीला एवढा ऑक्सिजन कधीच मिळत नाही. त्यांनी तो ३ टक्क्यांवर आणला आणि मेफ थांबल्याच नाहीत. ऑक्सिजनमुळे त्यांच्या डीएनएला जखमा होत होत्या, आणि त्या जखमा माणसाच्या पेशींपेक्षा उंदराच्या पेशींना जास्त लागत होत्या. चाळीस वर्षं ज्याला आपण त्यांचं म्हातारपण समजत होतो, तो आपणच ठेवलेल्या हवेचा मार होता. हा निबंध मी पहिल्यांदा वाचला तेव्हा उठून इन्क्युबेटरपाशी गेले आणि काचेतून आतल्या डिश बघत नुसती उभी राहिले.

तरीही बहुतेक ठिकाणी मेफ अजून साध्या हवेतच वाढवतात. आमच्याकडे कमी ऑक्सिजनचा इन्क्युबेटर एकच होता. त्याला नायट्रोजन फार लागायचा आणि त्यासाठी महिनाभर आधी नाव लावावं लागायचं. म्हणून आम्ही पेशींचं वय मोजायचो. झाकणावर मार्करने पी-२, पी-३ असं लिहायचं आणि पी-४ च्या पुढच्या पेशी प्रयोगाला घ्यायच्या नाहीत.

तिसऱ्या वर्षी माझ्याकडून ते राहिलं. एका जनुकाशिवाय वाढलेल्या मेफ फार हळू विभागतात, असा निकाल मला सलग दोन महिने मिळत होता. आलेख सुंदर होता. मी तो गाईडना दाखवला. त्यांनी तो पाहिला आणि एवढंच म्हणाले, "झाकणं दाखव." जनुक नसलेल्या पेशी पी-५ होत्या, साध्या पेशी पी-३. त्यांच्यात जो फरक दिसत होता तो जनुकाचा नव्हता, वयाचा होता. दोन महिन्यांचं काम गेलं याचं मला त्या दिवशी वाईट वाटलंच. खरं वाईट वाटलं ते दुसऱ्या दिवशी, काकांकडे जाऊन आणखी तीन माद्या लागतील असं सांगताना. का, असं त्यांनी विचारलं नाही. रजिस्टरमध्ये नव्या ओळी आखल्या. त्यानंतर झाकणावर वय लिहिल्याशिवाय मी एकही डिश हूडमधून, म्हणजे निर्जंतुक हवेच्या कपाटातून, बाहेर काढलेली नाही.

जनुक काढलेल्या उंदरांच्या मेफ हा एक वेगळाच विषय आहे, आणि मला तो या सगळ्यात जास्त भिडतो. काही जनुकांशिवाय उंदीर जन्मालाच येत नाही. डोळ्याच्या एका कर्करोगावरून नाव पडलेलं आरबी हे जनुक घ्या. ते नसलेले भ्रूण सोळाव्या दिवसाच्या आतच मरतात, हे १९९२ मध्ये तीन गटांनी दाखवलं. असा उंदीर मोठा होऊन कसा झाला असता, हे कधीच कळणार नाही. पण साडेतेराव्या दिवशी तो असतो. त्याच्या पेशी तेव्हा काढल्या तर डिशमध्ये वाढतात, विभागतात, प्रश्नांना उत्तरं देतात. आई-वडील दोघांकडे त्या जनुकाची दोनऐवजी एकेकच प्रत असली की एकाच गर्भाशयात, एकाच माळेत, जनुक असलेली आणि नसलेली भावंडं शेजारी शेजारी असतात. म्हणून प्रत्येक भ्रूण वेगळ्या डिशमध्ये ठेवायचा आणि भावंडाची तुलना भावंडाशीच करायची. या पेशीशास्त्रातला याहून नेमका प्रयोग मला माहीत नाही.

आणि एटीजी-५. पेशी उपाशी राहिली की स्वतःचेच जुने भाग पचवून दिवस काढते, त्याला ऑटोफॅजी म्हणतात. योशिनोरी ओसुमी यांना २०१६ चं नोबेल मिळालं ते यीस्टमधली ही यंत्रणा उलगडल्याबद्दल. जपानमध्ये नोबोरू मिझुशिमा यांच्या गटाने एटीजी-५ हे जनुक नसलेले उंदीर तयार केले. ती पिल्लं जन्मतात, दिसायला जवळजवळ धड असतात आणि एका दिवसात मरतात. २००४ मध्ये त्यांनी कारण मांडलं. जन्मताच वारेतून येणारं अन्न बंद होतं आणि आईचं दूध अंगी लागायला वेळ जातो. मधले ते तास प्रत्येक नवजात जीव स्वतःतलंच थोडं थोडं खाऊन काढतो. या पिल्लांना ते जमत नाही. वारेपासून दुधापर्यंतची ती भूक त्या जनुकावर निभावते! या उंदरांच्या भ्रूणांपासून काढलेल्या मेफ आज जगभरच्या प्रयोगशाळांत आहेत. ऑटोफॅजीवर काम करताना त्यांचाच पडताळा घेतला जातो. पेशी गोठवून ठेवायच्या माझ्याही टाकीत त्यांच्या दोन नळ्या होत्या.

भुकेवरून दाईची गोष्ट आठवते. काही पेशी एकट्या वाढवता येत नाहीत. १९८१ मध्ये केंब्रिजला मार्टिन इव्हान्स आणि मॅथ्यू कॉफमन यांनी उंदराच्या अगदी सुरुवातीच्या भ्रूणातून मूलपेशी, म्हणजे पुढे शरीरातली कुठलीही पेशी बनू शकतील अशा पेशी, काढल्या, तेव्हा त्या उंदराच्याच फायब्रोब्लास्टच्या थरावर ठेवाव्या लागल्या. १९९८ मध्ये विस्कॉन्सिनला जेम्स थॉमसन यांनी माणसाच्या भ्रूण-मूलपेशी प्रथम वाढवल्या त्या मेफच्या थरावर. या थराला फीडर म्हणतात. आधी मायटोमायसिन नावाचं औषध देऊन किंवा गॅमा किरणांखाली धरून त्या पेशींची विभागण्याची शक्ती काढून घेतात. त्या जिवंत राहतात, पण आता वाढणार नसतात. आठवडा-दीड आठवडा त्या तळाशी पसरून राहतात, तंतू विणतात, वाढीला लागणारी द्रव्यं सोडतात, आणि त्यांच्या अंगावर दुसऱ्या कुणाच्या वसाहती गोल, चकचकीत उगवतात. नंतर त्या झिजून जातात. मग नवा थर अंथरायचा. मी फीडर तयार करताना एकटीच बसायचे. त्या दोन-तीन तासांत मला बोलावंसं वाटत नसे.

हॉवर्ड ग्रीन इथे पुन्हा येतात. एमआयटीत जेम्स राइनवॉल्ड यांच्याबरोबर काम करताना त्यांच्या ध्यानात आलं की, त्वचेच्या पेशी एकट्या वाढत नाहीत, पण विभागणी थांबवलेल्या थ्री-टी-थ्रीवर भराभर वाढतात. १९७५ मध्ये त्यांनी माणसाच्या त्वचेच्या पेशी अशा वाढवून दाखवल्या. १९८३ मध्ये अमेरिकेतल्या वायोमिंगमध्ये दोन लहान भाऊ ९५ टक्क्यांहून जास्त भाजले. एवढं भाजल्यावर वाचण्याची आशा नसे, कारण झाकायला त्वचाच उरत नाही. बॉस्टनला त्यांच्या उरलेल्या त्वचेचा लहानसा तुकडा घेऊन त्यातल्या पेशी उंदराच्या त्या थरावर वाढवल्या, त्यांचे पापुद्रे तयार केले, आणि शरीराचा जवळजवळ अर्धा भाग त्या पापुद्र्यांनी झाकला. दोघेही जगले. २०१७ मध्ये इटली आणि जर्मनीतल्या वैद्यांनी एका सात वर्षांच्या सीरियन मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. जन्मजात आजारामुळे त्याची त्वचा हात लागला की सुटून यायची. त्याच्या पेशीतलं जनुक दुरुस्त करून, नवी त्वचा वाढवून, त्याचं सुमारे ८० टक्के अंग झाकलं. तीही वाढली होती थ्री-टी-थ्रीच्याच थरावर. साठच्या दशकात न्यूयॉर्कमध्ये मोजलेल्या त्या तीन तीन लाखांचे हे वंशज.

त्या दाईची खूणही मागे राहते. २००५ मध्ये सॅन दिएगोला अजित वारकी आणि सहकाऱ्यांना माणसाच्या मूलपेशींवर एक शर्करारेणू आढळला, जो माणसाचं शरीर बनवतच नाही. तो उंदराच्या फीडरमधून आणि माध्यमातल्या प्राणिज सीरममधून आला होता. माणसाच्या रक्तात त्याच्याविरुद्ध प्रतिद्रव्यं असतात. म्हणून उपचारासाठीच्या पेशी फीडरशिवाय वाढवायच्या पद्धती निघाल्या, आणि त्या निघायलाच हव्या होत्या. मला त्यांचं मनापासून स्वागत आहे. माद्या कमी लागतील, हेही त्यात आलं.

क्योतोच्या शिन्या यामानाका यांच्याबद्दल बहुतेकांना माहीत आहे. काझुतोशी ताकाहाशी यांच्यासह त्यांनी २००६ मध्ये २४ जनुकांतून ४ निवडली आणि त्यांच्या जोरावर साध्या पेशींना मूलपेशीच्या अवस्थेत परत नेलं. त्या साध्या पेशी म्हणजे मेफ. बातम्यांत तेव्हा चार जनुकांची नावं आली.

माझा प्रबंध सादर झाला त्याच महिन्यात काका निवृत्त होणार होते. इतक्या वर्षांत ते कधी कल्चर रूममध्ये आले नव्हते. नियमच होता. ॲनिमल हाऊसमध्ये गेलेल्या माणसाने त्या दिवशी पेशींच्या खोलीत यायचं नाही, कपड्यांवरून जंतू येतात. शेवटच्या आठवड्यात मी त्यांना म्हटलं, "उद्या खाली जायच्या आधी वर या." आदल्या दिवशी मी द्रवरूप नायट्रोजनच्या टाकीतून एक नळी काढून ठेवली होती. तिच्यावर माझ्याच अक्षरात तारीख होती, भ्रूण ५, पी-१. उणे १९६ अंशांवर ती चार वर्षं होती.

काका इस्त्रीचा सदरा घालून आले. दारातच चपला काढल्या, हात धुतले, वर कोरा एप्रन चढवला. मी डिश सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली, नॉब फिरवून दिला. त्यांनी चष्मा काढला, परत लावला, परत काढला.

"ह्ये त्या नऊमधलं?"

"हो. पाचवं."

"चार नंबरचं." त्यांना पिंजरा आठवत होता. जरा वेळाने म्हणाले, "हलत न्हाईत."

"हलतात काका. फार हळू. आपल्याला दिसत नाही."

ते बाजूला झाले नाहीत. डोळा लावून तसेच वाकून उभे राहिले. मी झाकणावर पी-२ लिहिलं आणि त्यांचं बघून होईपर्यंत थांबले.